फुली धूसर दिसते: दोष दुर्बिणीचा की डोळ्याचा?

दुर्बीण बसवलेल्या रायफलीतून पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. लांबच्या लक्ष्याकडे बघत तो डोळ्याजवळची कडी फिरवू लागतो. लक्ष्य स्पष्ट दिसले की थांबतो आणि दुर्बीण जुळली असे समजतो. प्रत्यक्षात ती कडी लक्ष्यासाठी नसतेच. दुर्बिणीच्या आत नेम धरण्यासाठी एक बारीक फुली असते, तिला क्रॉसहेअर म्हणतात. ही फुली पाहणाऱ्याच्या डोळ्याला रेखीव दिसावी, एवढ्यासाठीच ती कडी असते. थोडक्यात, कडी म्हणजे दुर्बिणीतच बसवलेला चष्मा. ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे त्याचा नंबर वेगळा.

हा चष्मा नीट जुळवला नाही तर नेम चुकतो, डोळे दुखतात, कपाळ ठणकते. पण आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यापुढची आहे. एकदा नीट जुळवलेली कडी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा फिरवावी लागत असेल, तर दुर्बीण बिघडलेली नसते. बहुतेक वेळा डोळा बदललेला असतो, आणि त्या बदलामागे मोतीबिंदू किंवा वाढलेली साखर असू शकते. कडी फिरवून फुली पुन्हा स्पष्ट करता येते. आजार तिथेच राहतो.

रायफलीच्या दुर्बिणीशी संबंध येणारी माणसे आपल्याकडे वाटतात तेवढी थोडी नाहीत. लष्कर आणि पोलीस दलांतले नेमबाज, हवेच्या बंदुकीने सराव करणारे हौशी खेळाडू, वस्तीत शिरलेल्या बिबट्याला भुलीचे औषध डार्टने देणारे वन विभागाचे पशुवैद्यक, अशा अनेकांना तिच्यातून पाहावे लागते. शिवाय अशीच कडी पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीला, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला आणि पॅथॉलॉजीच्या सूक्ष्मदर्शकालाही असते. तिथेही नियम तेच.

तीन अंतरांचा झगडा

दुर्बिणीशिवाय नेम धरताना डोळ्यासमोर तीन गोष्टी असतात: डोळ्यापासून हातभर अंतरावरची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लांबचे लक्ष्य. एकाच क्षणी तिन्ही गोष्टी स्पष्ट पाहणे कोणत्याच डोळ्याला शक्य नसते. तरुण डोळा यावर मात करतो ती आपल्या लवचिक नेत्रभिंगाच्या जोरावर. भिंग फुगवून तो जवळचे पाहतो, सैल सोडून लांबचे पाहतो, आणि हे इतक्या झटपट करतो की सगळेच स्पष्ट दिसल्यासारखे वाटते.

ही ताकद डायॉप्टर या एककात मोजतात. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड मोनोये यांनी १८७२ मध्ये हे एकक सुचवले. आपण चष्म्याचा ‘नंबर’ म्हणतो तो हाच. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात जवळचे पाहण्यासाठी सुमारे १२ ते १४ डायॉप्टरची राखीव ताकद असते. चाळिशीपर्यंत ती ४-५ वर येते, पन्नाशीत दोनच्या आसपास आणि साठीत जेमतेम एक उरते. वर्तमानपत्र हात लांब करून वाचायची वेळ येते ती यामुळेच. नेमबाजाच्या बाबतीत आधी खाच धूसर होते, मग माशी.

यावर दोन उपाय निघाले. पहिला बारीक छिद्राचा. जर्मन शास्त्रज्ञ ख्रिस्टोफ शायनर यांनी १६१९ मध्ये छिद्रे पाडलेल्या चकतीतून पाहण्याचे प्रयोग करून डोळा जवळ-लांब कसा जुळवून घेतो हे दाखवले होते. बारीक छिद्रातून येणारे किरण फारसे पसरत नाहीत, त्यामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. चष्मा हरवला की मूठ वळून तिच्या फटीतून पाटी वाचता येते, ती याच कारणाने. ऑलिंपिकमधल्या रायफल स्पर्धा याच तत्त्वावर चालतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही. डोळ्याजवळच्या चकतीतील छिद्रातून पाहायचे आणि ५० मीटरवरचे १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ वेधायचे.

दुसरा उपाय दुर्बिणीचा. तिच्यात लक्ष्याची प्रतिमा आणि फुली एकाच पातळीवर आणलेल्या असतात. डोळ्याला तीन अंतरांत धावाधाव करावी लागत नाही, एकाच ठिकाणी पाहिले की पुरते. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या नेमबाजाला दुर्बीण वरदान वाटते. ती लक्ष्य मोठे करते हा फायदा आहेच. पण वय झालेल्या डोळ्याची खरी अडचण ती दूर करते ती हे अंतरांचे भांडण मिटवून. मात्र ते मिटते तेव्हाच, जेव्हा डोळ्याजवळची कडी त्या डोळ्याच्या नंबराला जुळलेली असते.

कडी जुळवायची रीत

पहिली अट सुरक्षेची. रायफल रिकामी आहे हे स्वतः उघडून पाहावे, नळी सुरक्षित दिशेला असावी आणि हे काम सरावाच्या अधिकृत जागीच करावे. दुसरी अट डोळ्यांची. दुर्बीण कधीही सूर्याकडे किंवा त्याच्या आसपास वळवू नये. भिंगांतून एकवटलेला सूर्यप्रकाश क्षणभरात दृष्टिपटल जाळू शकतो, आणि ती इजा भरून येईलच याची खात्री नसते.

आता दुर्बीण सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरावी. समोर लक्ष्य नको. लक्ष्य असले की डोळा त्याच्यातच गुंततो आणि फुलीकडे लक्ष राहत नाही. दुर्बिणीत पटल बदलण्याची सोय असेल, म्हणजे लक्ष्य ४ पट की १० पट मोठे दिसावे हे ठरवता येत असेल, तर जास्त पटीवर ठेवावी. दूरचे पाहायला चष्मा लागत असेल आणि नेम धरताना तो घालायचा असेल, तर तोच घालून जुळवावे. चष्म्यासह जुळवायचे आणि नेम चष्म्याविना धरायचा, हा घोळ अनेकांकडून होतो.

त्यानंतर कडी बाहेरच्या बाजूला, फुली धूसर होईपर्यंत फिरवावी. मग खांद्याला रायफल लावून दोन-तीन सेकंदच फुलीकडे पाहावे, नजर काढून लांब कुठेतरी टाकावी, कडी थोडी आत घ्यावी आणि पुन्हा पाहावे. डोळा लावल्या क्षणी फुली काळीभोर आणि रेखीव दिसली, की तिथेच थांबावे. आणखी आत घेतली तरी ती काही काळ स्पष्टच दिसत राहील, पण त्या मोहात पडू नये.

‘दोन-तीन सेकंदच’ का, हे समजून घेण्यासारखे आहे. डोळा हा मोठा समजूतदार अवयव आहे. समोर धूसर चित्र आले की तो तक्रार करत नाही, गुपचूप भिंग फुगवून चित्र स्पष्ट करून घेतो. कडीकडे टक लावून पाहत राहिले तर चुकीची जागाही बरोबर वाटते. मग सरावाच्या तासाभरात डोळ्याचा स्नायू सतत ताणलेला राहतो, शेवटच्या फेऱ्यांत फुली विरघळू लागते आणि डोके धरते. कडी बाहेरून आत आणायची तीही याच कारणासाठी. बाहेरच्या बाजूला डोळ्याला भिंग फुगवून काही फायदा होत नाही, म्हणून तो सैल राहतो. दवाखान्यात नंबर काढताना आधी मुद्दाम जास्त अधिक नंबराची काच लावून अक्षरे धूसर करतात आणि मग ती हळूहळू कमी करत नेतात. त्यामागचे तत्त्व हेच.

लहान मुलांच्या बाबतीत ही फसगत सर्वांत मोठी. १२-१३ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात इतकी ताकद असते की कडी आतल्या बाजूला कुठेही ठेवली तरी त्याला फुली स्पष्टच दिसते. शालेय वयात नेमबाजी सुरू करणाऱ्या मुलाचा नंबर एकदा तरी डोळ्यांत थेंब टाकून, म्हणजे स्नायू सैल करून तपासलेला असावा.

जागा मिळाली की कडीवर बारीक खूण करून ठेवावी. ती खूण एका माणसाची आणि एकाच डोळ्याची असते. एकाच दुर्बिणीतून चौघे पाहत असतील, तर प्रत्येकाची खूण वेगळी.

दुसरी चकती, दुसरे काम

बऱ्याच दुर्बिणींना बाजूला किंवा पुढच्या टोकाला आणखी एक चकती असते. तिचा डोळ्याच्या नंबराशी संबंध नाही. ती लक्ष्याच्या अंतरासाठी असते. लक्ष्याची प्रतिमा आणि फुली नेमक्या एका पातळीवर नसतील, तर डोके जरा हलवताच फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते. ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण १०० मीटरसाठी पक्की केलेली असेल आणि लक्ष्य २५ मीटरवर असेल, तर डोळा मध्यावरून पार कडेला गेल्यास जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरची चूक होते. बिबट्याच्या मांडीवर डार्ट मारताना दीड सेंटिमीटरने फारसे बिघडत नाही. कागदावरच्या लक्ष्यावर मात पदक जाते. क्रम लक्षात ठेवावा: आधी डोळ्याची कडी, मग अंतराची चकती. पहिली चुकली तर दुसरी कधीच नीट जुळत नाही.

तिसरी बाब डोळा आणि दुर्बीण यांतल्या अंतराची. रायफलीच्या दुर्बिणीसाठी ते साधारण ९ ते १० सेंटिमीटर असते. फुली धूसर दिसते म्हणून नकळत डोळा पुढे नेणाऱ्याच्या भुवईवर, गोळी सुटल्याच्या धक्क्याने दुर्बिणीची कडा आदळते. भुवईवरची अर्धगोल जखम घेऊन आलेल्या नेमबाजाला टाके घालून झाले, की त्याची दृष्टीही तपासायला हवी, कारण मूळ कारण तिथे असू शकते.

कडीला न जमणारी गोष्ट

कडीची मर्यादा साधारण अधिक-उणे दोन ते तीन डायॉप्टर. त्यापेक्षा जास्त नंबर असेल तर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घालूनच नेम धरावा लागतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची: कडी फक्त साधा नंबर सांभाळते, सिलिंडरचा नाही.

सिलिंडरचा नंबर म्हणजे बुबुळाचा पृष्ठभाग चेंडूसारखा सगळीकडे सारखा गोल नसून एका दिशेने अधिक वळलेला असणे. अशा डोळ्याला फुलीची एक रेघ ठळक आणि दुसरी पुसट दिसते. कडी फिरवली की पुसट रेघ ठळक होते आणि ठळक रेघ पुसट. दोन्ही एकदम कधी जमत नाहीत. लाल ठिपक्याच्या साधनात तो ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा फुटलेला दिसतो. साधन सदोष आहे असे समजून ते बदलणारे अनेक असतात. त्याआधी एक सोपी परीक्षा करावी. फुलीकडे पाहत डोके हळूच एका बाजूला कलते करावे. पुसटपणा डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्यात आहे. जागच्या जागी राहिला तर दुर्बिणीत.

सिलिंडरचा नंबर असलेल्याने चष्मा घालणेच योग्य. पण रोजचा प्रोग्रेसिव्ह चष्मा इथे उपयोगाचा नाही. पालथे पडून नेम धरताना डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि तिथला नंबर मधल्या भागासारखा परिणाम देत नाही. त्यासाठी फक्त दूरचा नंबर असलेला, काच डोळ्यासमोर सरळ आणता येईल असा वेगळा चष्मा करून घ्यावा. चष्मा करणाऱ्याला नेम धरण्याची ढब करून दाखवली तर काम सोपे होते. काच न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची असावी.

कडी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते तेव्हा

आता मुख्य मुद्दा. चाळिशीमुळे दूरचा नंबर फारसा बदलत नाही. जवळचे दिसणे कमी होत जाते. त्यामुळे नीट जुळवलेली कडी वर्ष-दोन वर्षे टिकायला हवी. ती टिकत नसेल तर तीन शक्यता प्रामुख्याने पाहाव्या लागतात.

पहिली मधुमेहाची. रक्तातली साखर बरीच वाढली की नेत्रभिंगात पाणी शिरून त्याचा आकार बदलतो आणि नंबर सहसा उणेकडे सरकतो. उपचार सुरू होऊन साखर झपाट्याने उतरली की तो उलट दिशेला, अधिककडे जातो. काही आठवड्यांनी स्थिरावतो. सोमवारी जुळवलेली फुली शनिवारी धूसर दिसत असेल आणि त्याच्या जोडीला तहान, वारंवार लघवी, थकवा असेल, तर आधी साखर तपासावी. अशा काळात नवा चष्मा करायची घाई करू नये, तो महिन्याभरात निकामी ठरतो.

दुसरी मोतीबिंदूची. भारतात अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण आजही मोतीबिंदूच आहे. त्याचा एक प्रकार भिंगाच्या गाभ्यात वाढतो आणि नंबर हळूहळू उणेकडे नेतो. अशा माणसाला काही काळ वाचायचा चष्मा लागेनासा होतो. घरात कौतुक होते, की साठीनंतर चष्मा सुटला! पण त्याच वेळी दूरचे धूसर होत असते आणि दुर्बिणीची कडी दर काही महिन्यांनी उणेकडे सरकत असते. उन्हात डोळे दिपणे, रंग पिवळट वाटणे, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणे ही जोडीची लक्षणे. शस्त्रक्रियेने हा प्रश्न सुटतो. नंतर बसवलेले साधे कृत्रिम भिंग लवचिक नसल्याने कडी नव्याने जुळवावी लागते, आणि रायफलीचा धक्का डोळ्याला कधीपासून चालेल हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तिसरी शक्यता थांबायला वेळ न देणारी. फुलीची सरळ रेघ मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसू लागली किंवा मधला भाग गायब झाला, तर दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला सूज किंवा रक्तस्राव असू शकतो. नेत्रतज्ज्ञ याच तपासणीसाठी चौकटींचा कागद दाखवतात. नेमबाजाला ती रेघ रोज आयतीच दिसते. अचानक विजेसारखे चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे ही दृष्टिपटल सुटत असल्याची खूण असू शकते. उणे नंबर मोठा असलेल्यांना हा धोका अधिक. ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी नेत्रविभाग गाठावा. कडीला हात लावू नये.

फुली स्पष्ट आहे, म्हणजे डोळा ठीक आहे?

नाही. काचबिंदूमध्ये दृष्टी कडेने कमी होत जाते आणि मधली नजर बराच काळ शाबूत राहते. काचबिंदू बराच पुढे गेलेल्या माणसालाही फुली रेखीव दिसू शकते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारे बदलही सुरुवातीला नजर कमी करत नाहीत. म्हणून चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि दृष्टिपटल यांची तपासणी ठरावीक काळाने करावी. मधुमेह असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासणे आवश्यकच. थेंब टाकलेल्या दिवशी सराव नको, गाडी चालवणेही नको.

यात घाबरण्यासारखे काही नाही. स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी नेमबाजीत सांघिक रौप्यपदक मिळवले. वाढते वय नेमबाजीला मज्जाव करत नाही, फक्त डोळ्याचा हिशोब ठेवायला लावते. तो ठेवणे सोपे आहे. कडीची खूण कुठे आहे आणि ती कोणत्या तारखेला केली, हे सरावाच्या वहीत लिहावे. खूण सरकली तर नवी तारीख आणि कोणत्या बाजूला सरकली तेही लिहावे. सहा महिन्यांत दोनदा सरकली, तर ती वही, रोजचा चष्मा, नेमबाजीचा चष्मा आणि असल्यास साखरेचे अहवाल घेऊन डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. जिल्हा रुग्णालयात ही तपासणी होते. दुर्बिणीतून नीट दिसत नाही, कडी अमुक वेळा फिरवावी लागली, एवढे सांगितले तरी डॉक्टरांना पुरेसा धागा मिळतो.